चित्रातली वस्तू केवढी?

भोकरदनच्या हस्तिदंती तुकड्यापासून आजच्या डिजिटल फोटोपर्यंत

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळणा नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना ज्यांनी दाने दिली, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही होते, असे तेथील शिलालेख सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव एवढे संपन्न होते, की येथील माणसे शेकडो मैलांवर जाऊन दानधर्म करीत. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील नगराचे अनेक अवशेष या उत्खननात मिळाले. त्यांतच हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा होता. मूर्तीचा वरचा भाग नाहीसा झालेला, खालचा तेवढा उरलेला.

एवढ्याशा तुकड्याकडे जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष का जावे? कारण त्याची एक बहीण इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गाडले गेले. त्या शहराच्या उत्खननात १९३८ साली एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उत्खननाचे प्रमुख अमेदेओ मायुरी यांनी ती लक्ष्मीची मूर्ती मानली आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झाले. पुढे कोणी तिला यक्षी म्हटले. ती आरशाची मूठ असावी की एखाद्या चौरंगाचा पाय, यावरही वाद झाले. ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची उंची सुमारे २४ ते २५ सें.मी. आहे.

ही मूर्ती घडली कोठे? तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर असल्यामुळे काही अभ्यासक वायव्य भारताकडे बोट दाखवतात. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मात्र महाराष्ट्राकडे लक्ष वेधले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशीच एक स्त्रीमूर्ती मिळाली आहे, आणि भोकरदनचा तुकडाही त्याच घराण्यातला दिसतो. भडोच बंदरातून हस्तिदंत निर्यात होत असे आणि पैठण व तगर, म्हणजे तेर, येथून माल त्या बंदराकडे जात असे, असे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेव्हा ‘भोकरदन–पॉम्पेई’ हा धागा अगदीच कच्चा नाही.

आता एक प्रश्न विचारू. या मूर्ती एकमेकींशेजारी ठेवून किती जणांनी पाहिल्या असतील? एक भारतात, दुसरी नेपल्समध्ये. बहुतेक अभ्यासकांनी, आणि आपल्यासारख्या सर्व वाचकांनी, त्या शेजारी शेजारी पाहिल्या त्या छापील पानावर, म्हणजे छायाचित्रांत. आणि इथेच एक फसगत दबा धरून बसलेली असते. पान सुबक दिसावे म्हणून छपाई करणारा दोन्ही चित्रे सारख्याच उंचीची करतो. पंचवीस सेंटिमीटरची अखंड मूर्ती लहान होते, मोडका तुकडा मोठा होतो, आणि दोघी जुळ्या बहिणी वाटू लागतात. दागिन्यांची ठेवण, उभे राहण्याची ढब यांची तुलना चित्रावरून करता येते. पण आकाराची तुलना करायची, तर चित्र किती पट लहान अथवा मोठे केले आहे, हे कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

फोटो योग्य मापात छापणे ही आज आपल्याला फोटो स्टुडिओतील किंवा झेरॉक्सच्या दुकानातील किरकोळ बाब वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू आणि शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे काही हाती लागते का, तेही पाहू.

काचेएवढाच फोटो

छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला १८३९ साली. १८५१ नंतर काचेवर ओले रसायन पसरून निगेटिव्ह तयार करण्याची पद्धत आली. ही काच रसायन लावलेल्या कागदावर ठेवायची, वर ऊन पडू द्यायचे, की कागदावर चित्र उमटे. काच आणि कागद एकमेकांना चिकटून असल्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो! मोठा फोटो हवा असेल तर मोठी काच आणि ती मावेल एवढा मोठा कॅमेरा डोंगरावर वाहून न्यावा लागे.

भोकरदनच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर असलेल्या अजिंठ्याला हे सर्व घडले आहे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या रंगीत प्रतिकृती अनेक वर्षे खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांची त्याने काढलेली ७४ छायाचित्रे असलेले पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाले. त्या काळी छायाचित्र मजकुराबरोबर छापता येत नसे. कागदावर उमटवलेले फोटो पुस्तकात चिकटवावे लागत.

काचांची मापे ठरलेली होती. पूर्ण प्लेट ८½ × ६½ इंच, हाफ प्लेट ६½ × ४¾ इंच आणि क्वार्टर प्लेट ४¼ × ३¼ इंच. (हाफ प्लेट ही नावाप्रमाणे नेमकी अर्धी नाही, हे विद्यार्थ्यांकडून गुणाकार करून घेतल्यास त्यांना गंमत वाटेल.) आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत ‘फुल’, ‘हाफ’, ‘कॅबिनेट’ हे शब्द ऐकू येत, ते या काळाचे अवशेष होत.

पुढे तेजस्वी कृत्रिम प्रकाश मिळू लागला आणि एन्लार्जर आला. आता लहान निगेटिव्हमधून मोठा फोटो काढता येऊ लागला. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने तर निगेटिव्ह केवळ ३६ × २४ मिलिमीटरची केली. सोय मोठी झाली. पण त्याबरोबर एक गोष्ट सुटली. काच आणि कागद सारखेच होते तोवर फोटोचे माप ही एक निश्चित बाब होती. एन्लार्जर आल्यावर एकाच निगेटिव्हमधून पोस्टकार्डाएवढाही फोटो निघू लागला आणि भिंतभरही. फोटोला स्वतःचे असे माप उरले नाही. माप ठरवणारा आता छापणारा होता.

नकाशा लहान करायचा कसा?

ज्यांना माप चुकून चालणारच नव्हते अशी मंडळी म्हणजे नकाशे करणारे. इंग्लंडच्या नकाशा खात्यापुढे १८५० च्या दशकात एक अडचण होती. एका मैलाला सुमारे २५ इंच अशा मोठ्या प्रमाणावर काढलेले नकाशे मैलाला ६ इंच या प्रमाणात आणायचे होते. पँटोग्राफ नावाच्या सांधेदार पट्ट्यांच्या उपकरणाने एकेक रेषा पुन्हा काढणे हे वेळखाऊ काम होते. खात्याचे प्रमुख सर हेन्री जेम्स यांनी त्यासाठी कॅमेरा वापरला. नकाशा भिंतीवर लावायचा आणि कॅमेरा असा मागेपुढे सरकवायचा, की काचेवर पडणारी प्रतिमा नेमकी हव्या त्या मापाची होईल. भिंगामुळे कडेच्या रेषा वाकड्या होतील, अशी शंका घेतली गेली. तिची तपासणी झाली आणि चूक नगण्य असल्याचे दिसून आले. १८५९ च्या सुमारास याच खात्यात हे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची पद्धत सिद्ध झाली. तिचे नाव फोटोझिंकोग्राफी.

हे नाव पुणेकरांना परके वाटणार नाही. तेथील शासकीय फोटोझिंको मुद्रणालय आजही त्याच नावाने ओळखले जाते. भारतात सर्वेक्षण खात्याच्या कलकत्ता कार्यालयात जेम्स वॉटरहाऊस यांनी १८६६ पासून तीस वर्षे या कामाची धुरा वाहिली. एका ठिकाणी काढलेल्या नकाशाच्या ठरलेल्या मापाच्या शेकडो प्रती आता थोड्या दिवसांत छापून निघू लागल्या.

नकाशाकारांची एक जुनी सवय या काळात फार मोलाची ठरली. नकाशाच्या पायथ्याशी ते प्रमाण दोन प्रकारे देतात. एक शब्दांत किंवा अंकांत : ‘एक इंचास एक मैल’ किंवा ‘१ : ६३,३६०’. (एका मैलात ६३,३६० इंच असतात, त्यावरून हा आकडा आला. दशमान पद्धती आल्यानंतर सर्वेक्षण खात्याने त्याऐवजी १ : ५०,००० हे प्रमाण घेतले.) दुसरा प्रकार म्हणजे आखलेली मोजपट्टी : शून्य, एक, दोन, तीन किलोमीटर अशी.

एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला तर उत्तर देण्याऐवजी त्यांना नकाशाची झेरॉक्स दीडपट मोठी करून आणायला सांगावी. नव्या प्रतीवर ‘१ : ५०,०००’ हे अक्षर न् अक्षर जसेच्या तसे उमटलेले असेल, पण ते आता धादांत खोटे असेल! खरे प्रमाण १ : ३३,३३३ झालेले असते. मोजपट्टी मात्र नकाशाबरोबर दीडपट झालेली असते आणि म्हणून अजूनही खरीच असते. कागद दमट हवेत फुगला अथवा वाळून आकसला, तरी मोजपट्टी त्याच्याबरोबर फुगते आणि आकसते. अंकांनी सांगितलेले प्रमाण एका प्रतीपुरते खरे असते. आखून दाखवलेले प्रमाण सर्व प्रतींत खरे राहते. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार या एका वाक्यात आहे.

पुरातत्त्वज्ञांनी नकाशाकारांचा हाच धडा उचलला. उत्खननातील खड्ड्यात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी केलेली आणि मण्याशेजारी सेंटिमीटरची लहान पट्टी ठेवलेली आपण अहवालांत पाहतो. १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी नोंदी आणि छायाचित्रे यांबाबत जी कडक शिस्त घालून दिली, तीत अशा मोजपट्टीला मानाचे स्थान होते.

ब्लॉकमेकरचा कर्ण

फोटो चिकटवण्याऐवजी मजकुराबरोबरच छापायचा, तर आणखी एक अडथळा होता. छापखान्याची शाई एक तर लागते किंवा लागत नाही. तिला करडा रंग देता येत नाही. यावर तोडगा निघाला तो १८८० च्या दशकात. फोटोचा पुन्हा फोटो काढताना मध्ये बारीक जाळी धरायची. मग गडद भागात मोठे ठिपके आणि फिक्या भागात लहान ठिपके पडतात. लांबून पाहिले, की डोळ्याला करड्या रंगाच्या छटा भासतात. जर्मनीतील मायझेनबाख आणि अमेरिकेतील आइव्ह्ज ही या कामातली मोठी नावे. असे ठिपके कोरलेल्या धातूच्या पत्र्याला आपल्या छापखान्यांत ‘हाफटोन ब्लॉक’ किंवा नुसतेच ‘ब्लॉक’ म्हणत.

महाराष्ट्रात या विद्येचा एक जाणकार पुढे वेगळ्याच कारणाने अमर झाला. धुंडिराज गोविंद फाळके १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीस लागले. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाई आणि ब्लॉक करण्याचा व्यवसाय उभारला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची माहिती घेण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. चित्रपट काढण्यापूर्वीचे दादासाहेब फाळके असे फोटो आणि छापील पान यांच्या सांध्यावरच काम करीत होते.

ब्लॉक महाग, आणि तो एकदा कोरला की मापात बदल नाही. म्हणून फोटो पाठवण्यापूर्वीच संपादकाला माप ठरवावे लागे. समजा, फोटो १५ सें.मी. रुंद आणि १० सें.मी. उंच आहे आणि मासिकातील स्तंभाची रुंदी ६ सें.मी. आहे. उंची किती जागा खाईल? त्रैराशिक मांडले तर उत्तर ४ सें.मी. येते. पण छापखान्यात हे आकडेमोड न करताही होई. फोटोवर पातळ कागद ठेवून बाहेरची चौकट आखायची आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण ओढायचा. मग डाव्या कोपऱ्यापासून खालच्या बाजूवर ६ सें.मी. मोजून तेथून लंब उभा करायचा. तो कर्णाला जेथे छेदतो ती नवी उंची. समरूप त्रिकोणांचा याहून सुंदर व्यावहारिक उपयोग शोधून सापडणार नाही. दहावीच्या वर्गात तो अवश्य दाखवावा.

जाळी किती बारीक असावी, हे कागदावर ठरे. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचाला ५५ ते ६५ ओळींची जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३ किंवा १५० ओळींची. हा १५० चा आकडा लक्षात ठेवू. तो पुन्हा भेटणार आहे.

ठिपक्यांचा हिशेब

१९५७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो एका यंत्राने वाचून संगणकात घातला. फोटो साधारण ५ सें.मी. लांब व तेवढाच रुंद होता आणि त्याचे १७६ × १७६ असे चौकोनी ठिपके केले होते. संगणकात गेलेला हा पहिला फोटो. या ठिपक्यांना आपण पिक्सेल म्हणतो. ५ सें.मी. मध्ये १७६ म्हणजे सेंटिमीटरला सुमारे ३५, इंचाला सुमारे ८९.

पण थांबा. हे ‘इंचाला ८९’ मूळ कागदी फोटोबद्दल खरे आहे. संगणकात शिरल्यावर उरले ते फक्त १७६ ओळींचे १७६ आकडे. आकड्यांना लांबी नसते. तेच आकडे नखाएवढ्या जागेत छापता येतात आणि फळ्याएवढ्या जागेतही. एन्लार्जरने फोटोचे माप सैल केले होते. डिजिटल फोटोने ते पार पुसून टाकले. डिजिटल फोटोला सेंटिमीटर नसतात, नुसते ठिपके असतात. सेंटिमीटर येतात ते छापताना, आणि ते एका साध्या भागाकाराने येतात :

छापील रुंदी (इंच) = रुंदीतील एकूण ठिपके ÷ दर इंचाला ठिपके

‘दर इंचाला ३०० ठिपके ठेवा’ असे छपाईवाले सांगतात. हा ३०० कोठून आला? तो आपल्या जुन्या जाळीतून आला. जाळीच्या एका ओळीमागे साधारण दीड ते दोन ठिपके असले, म्हणजे छपाई स्वच्छ येते, असा अनुभव आहे. आर्ट पेपरच्या १५० ओळींची दुप्पट ३००. वर्तमानपत्राच्या कागदाला म्हणूनच १५० ठिपकेही चालून जातात. दुसरा वारंवार कानावर येणारा आकडा ७२. १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, कारण छपाईतील पॉइंट या मापाचे ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. त्यामुळे त्या पडद्यावरचा इंच आणि कागदावरचा इंच सारखाच दिसे. पुढच्या पडद्यांत ठिपके दाट होत गेले आणि तो मेळ मोडला. आज फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर फोटो केवढा दिसतो, यावरून तो कागदावर केवढा येईल हे मुळीच सांगता येत नाही.

दोन उदाहरणे घेऊ. मोबाइलने काढलेला फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा आहे. इंचाला ३०० प्रमाणे तो १३.३ × १० इंच छापता येईल. हाच फोटो एखाद्या ॲपवरून पाठवताना ठिपके कमी होऊन १६०० × १२०० झाला, तर ५.३ × ४ इंचांपुढे तो फिसकटू लागेल. दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांच्या अर्जाचे. ३.५ × ४.५ सें.मी. चा फोटो ३०० च्या हिशेबाने ४१३ × ५३१ ठिपक्यांचा हवा. (३.५ ÷ २.५४ × ३०० करून पाहा.) मध्ये हे २.५४ का येते? १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण फोटोच्या व्यवसायातून इंच काही गेला नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादी वस्तू आहे तेवढीच, म्हणजे १ : १ मापात, कागदावर कशी छापायची? लागणारे साहित्य : मोबाइल, पट्टी आणि छापण्याची सोय.

(१) वस्तूशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. कॅमेरा तिरपा नको.

(२) संगणकावर फोटो उघडून पट्टीवरील ५ सें.मी. अंतरात किती ठिपके आहेत ते पाहा. चित्रे रंगवण्याच्या साध्या प्रणालीतही बाण नेला की ठिपक्याचा क्रमांक दिसतो. दोन क्रमांकांची वजाबाकी करायची. समजा उत्तर १५०० आले. म्हणजे वस्तूच्या दर सेंटिमीटरला ३०० ठिपके.

(३) फोटोची पूर्ण रुंदी ४००० ठिपके असेल, तर ४००० ÷ ३०० = १३.३ सें.मी. फोटो बरोबर १३.३ सें.मी. रुंद छापला, की वस्तू आपोआप खऱ्या मापात येते. लेखनाच्या प्रणालीत फोटो टाकून त्याची रुंदी एवढी ठरवता येते. निम्म्या मापात हवी असेल तर ६.६५ सें.मी. ठेवा.

(४) छापताना ‘पानाला जुळवून घ्या’ अशा अर्थाचा पर्याय बंद करून १०० टक्के निवडा. तो चालू राहिला आणि छपाई ९७ टक्क्यांनी झाली, तर ५ सें.मी. ऐवजी ४.८५ सें.मी. येतील.

(५) छापील कागदावरील पट्टीवर खरी पट्टी ठेवून पाहा. जुळली तर जिंकलात!

यात तीन ठिकाणी चुका होतात, आणि त्यांतूनच शिकायला मिळते. पहिली चूक पट्टीच्या पातळीची. समजा ६ सें.मी. उंचीचे मडके टेबलावर आहे, पट्टीही टेबलावर आहे आणि कॅमेरा टेबलापासून ३० सें.मी. वर आहे. मडक्याचा काठ कॅमेऱ्यापासून २४ सें.मी. वर, पट्टी ३० वर. म्हणून काठ ३० ÷ २४, म्हणजे सव्वापट मोठा दिसेल. पंचवीस टक्के चूक! कॅमेरा दीड मीटरवर नेला, तर १५० ÷ १४४, म्हणजे चूक चार टक्क्यांवर येते. काठाच्या पातळीवर पुस्तके रचून त्यावर पट्टी ठेवली, तर काठापुरती ती नाहीशीच होते.

दुसरी चूक कातरण्याची. मोबाइलचा फोटो सहसा ४ : ३ प्रमाणात असतो, आणि ६ × ४ इंची कागद ३ : २ प्रमाणात, कारण तो ३६ × २४ मिलिमीटरच्या जुन्या निगेटिव्हवरून ठरलेला. ६ इंच रुंदीला ४½ इंच उंची लागते आणि कागद आहे ४ इंचांचा. अर्धा इंच कापला जातो. वरून डोकी जातात, किंवा खालून, नेमकी तेथेच ठेवलेली, आपली मोजपट्टी जाते! म्हणून पट्टी कडेला न ठेवता वस्तूजवळ ठेवावी.

तिसरी चूक नाण्याची. पट्टी नसली की लोक रुपया ठेवतात. पण कोणता रुपया? १९९२ चा रुपया २५ मि.मी. व्यासाचा, २०११ चा सुमारे २२ आणि २०१९ चा २० मि.मी. नाणे ठेवायचेच, तर त्याचे साल वाचता येईल असे ठेवा आणि व्यास मोजून लिहून ठेवा.

हे सर्व कशासाठी?

भोकरदनचा विद्यार्थी पॉम्पेईची मूर्ती पाहायला नेपल्सला जाण्याचा संभव कमी, आणि नेपल्सचा विद्यार्थी भोकरदनचा तुकडा पाहायला इकडे येण्याचा संभवही तेवढाच कमी. दोघांमध्ये पूल आहे तो छायाचित्राचा. त्या छायाचित्रात मोजपट्टी असेल, तर ते मासिकात छापले जावो, भिंतीवर लागो, की फोनवरून फोनवर जात जात झिजो. वस्तू केवढी हे शेवटच्या माणसालाही मोजता येते. मोजपट्टी नसेल, तर उरते ती केवळ एक सुंदर आकृती.

जालना जिल्ह्यात नांगरताना किंवा विहीर खणताना जुन्या विटा, खापरे, मणी निघणे नवलाचे नाही. असे काही विद्यार्थ्यांच्या नजरेस पडले, तर ते उचलून घरी न्यायचे नाही, हे त्यांना सांगावे. आणि दप्तरातली पट्टी शेजारी ठेवून जागेवरच फोटो काढायचा, हेही सांगावे. गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक आणि तारीख वहीत लिहायची आणि शिक्षकांमार्फत तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचे.

आणि पाठ्यपुस्तक उघडाल, तेव्हा एक सोपा उपक्रम करून पाहा. इतिहासाच्या पुस्तकातील वस्तूंची चित्रे दाखवून प्रत्येक वस्तू केवढी असेल, ते मुलांना दोन हातांतल्या अंतराने दाखवायला सांगा. एकाच चित्रासाठी कोणी वीतभर अंतर दाखवील, कोणी हातभर. मग त्यांना विचारा : यांतले बरोबर कोण, हे ठरवायला चित्रात काय असायला हवे होते?